लातूरहून आणलेली इक्विलिब्रियमची पेटी: ८५० रुपये वसूल झाले, पण आतला कागद बदलायलाच पाहिजे

पोरगी अकरावी सायन्सला आहे, लातूरला मैत्रिणींसोबत रूम करून राहते, आम्ही औशाला. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली तेव्हा केमिकल इक्विलिब्रियमचा (म्हणजे रासायनिक समतोलाचा) चॅप्टर क्लासमध्ये नुकताच झाला होता. सहज तिची वही चाळली तर पानाच्या कडेला लाल पेनानं नुसते बाण काढलेले, रिअ‍ॅक्टंट (जुळणारा पदार्थ) वाढवला की उजवीकडं, प्रॉडक्ट (तयार होणारा) वाढवला की डावीकडं, काढून घेतला की उलटं. नीटचे प्रश्न टकाटक सोडवते, त्यात काही म्हणायचं नाही. पण मी विचारलं, उजवीकडं जातं म्हणजे नेमकं काय जातं गं, परीक्षानळीत डावी बाजू कुठली नि उजवी कुठली? तर गप्पच बसली, आणि मग म्हणली आई हे आम्ही कधी बघितलंच नाही, नुसतं बोर्डावर होतं.

ते मला लई लागलं. मी स्वतः बीएस्सी केमिस्ट्री केलेली, अंबाजोगाईला, त्याला आता पंचवीस वर्षं होत आली, पुढं संसारात केमिस्ट्री मागं पडली पण फेरिक क्लोराईडच्या फिकट पिवळ्या पाण्यात थायोसायनेटचा थेंब पडला की जो रक्तासारखा लाल रंग उठतो ना तो मी आजपण डोळे मिटून सांगू शकते. आणि माझ्या पोरीनं तो न बघताच त्याच्यावरचे पन्नास एमसीक्यू सोडवलेत. म्हणून तिला सोडायला लातूरला गेले तेव्हा शाळा-कॉलेजला लॅबचं सामान पुरवणाऱ्या एका दुकानात गेले आणि ही पेटी घेतली, दुसऱ्या शनिवारी पोरीला परत घरी बोलावलं आणि दोन दिवस आम्ही मायलेकींनी सगळी वापरून बघितली. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि पेटी कुठल्या कंपनीची नाही, दुकानदार स्वतःच बाटल्या भरून तयार करतात.

पेटीत काय मिळतं ते आधी सांगते. प्लॅस्टिकचा डबा, त्यात ड्रॉपरवाल्या छोट्या बाटल्या सात: फेरिक क्लोराईड, पोटॅशियम थायोसायनेट, ऑक्झॅलिक अ‍ॅसिड, कोबाल्ट क्लोराईड, पातळ अमोनिया, नवसागराचं द्रावण आणि फिनॉल्फ्थॅलीन (अल्कलीत गुलाबी होणारं इंडिकेटर). बारा परीक्षानळ्या, एक स्टँड, सपाट बुडाच्या दोन काचेच्या कुप्या, एक ब्रश, हातमोज्यांची एक जोडी आणि चार पानी कागद. गॉगल नाही. ८५० रुपये घेतले, घासाघीस केली नाही. नळ्या बऱ्या जाड आहेत, एक पोरीच्या हातून फरशीवर पडली तरी फुटली नाही. बाटल्यांवरची लेबलं मात्र साध्या कागदाची, ओल्या हातानं धरली की शाई पसरते, आम्ही पहिल्याच दिवशी वरून चिकटपट्टी लावली.

पहिला प्रयोग फसला आणि त्याचं कारण पेटीतल्या कागदात आहे. त्यात लिहिलंय "पाणी घ्या". आता औशात पाणी म्हणजे बोरचं पाणी, आणि आमच्याकडच्या बोरचं पाणी किती जड असतं ते सगळ्यांना माहितीय, बंबात, कुकरच्या तळाला पांढरी पुटं धरतात. त्या पाण्यात फेरिक क्लोराईडचे थेंब टाकले तर फिकट पिवळं व्हायच्याऐवजी गढूळ तांबूस झालं, आणि थायोसायनेट टाकल्यावर लाल रंग आला तो पण मळकट आणि फिका. पोरगी म्हणली माल खराब दिलाय. माल खराब नव्हता. जड पाण्यात बायकार्बोनेट असतात, ते फेरिकला हायड्रॉक्साईड करून खाली बसवतात, म्हणजे लाल रंग तयार करायला जो फेरिक आयन लागतो तोच पाण्यानं गिळला. मग कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्याकडून इन्व्हर्टरमध्ये घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणलं आणि काय सुरेख रंग आला! कागदात "डिस्टिल्ड" एवढा एक शब्द वाढवला असता तर आमची सकाळ वाचली असती, पण आता मला वाटतं की ही चूक झाली ते बरं झालं, कारण दुपारी पोरगी आपणहून म्हणली की आई सकाळी बोरच्या पाण्यानं रिअ‍ॅक्टंट काढून घेतला म्हणून रंग फिका पडला, हे तर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडवाल्या नळीसारखंच झालं की (ती नळी खाली येतेच).

आता खरा प्रयोग. एका वाटीत डिस्टिल्ड पाणी घेऊन दोन्ही बाटल्यांतले थोडे थोडे थेंब टाकून साधारण जांभळट गुलाबाच्या सरबतासारखा, म्हणजे आरपार दिसेल एवढाच लाल रंग करायचा (जास्त गडद केला तर पुढचा फरक डोळ्याला कळत नाही, हे पण कागदात नाही) आणि तो पाच नळ्यांत सारखा वाटून घ्यायचा. पहिली नळी हात न लावता बाजूला ठेवायची, तुलनेला. दुसरीत फेरिक क्लोराईडचे दोन थेंब टाकले, गडद झाली. तिसरीत थायोसायनेटचे दोन थेंब, ती पण गडद झाली.

इथं मी पोरीला थांबवलं. म्हणलं आता विचार कर, फेरिक टाकल्यावर रंग वाढला याचा अर्थ नळीत थायोसायनेट शिल्लक होतं, नाहीतर नवीन फेरिक कुणाला जाऊन मिळालं? आणि थायोसायनेट टाकल्यावर पण रंग वाढला म्हणजे फेरिक पण शिल्लक होतं. दोघंही शिल्लक, एकाच नळीत, एकमेकांशेजारी, आणि तरी रंग आपला स्थिर उभा होता. मग रिअ‍ॅक्शन संपली होती का? ती बराच वेळ नळ्यांकडं बघत बसली. मला विचाराल तर ८५० रुपयांतले ८०० त्या पाच मिनिटांचे आहेत. रिअ‍ॅक्शन संपलेली नसते, थांबलेली पण नसते, जेवढ्या वेगानं फेरिक आणि थायोसायनेट जुळून लाल कण होतात तेवढ्याच वेगानं ते सुटत असतात म्हणून बाहेरून बघणाऱ्याला काहीच हलताना दिसत नाही. डावी बाजू उजवी बाजू हे फक्त कागदावर लिहिण्याची सोय आहे, नळीत सगळे एकत्रच नांदतात. थायोसायनेट वाढवलं की जुळण्याचा वेग तेवढा वेळ सुटण्याच्या वेगापेक्षा पुढं जातो, लाल कण वाढत जातात, ते वाढले की सुटण्याचा वेग पण वाढतो, आणि कुठंतरी दोघं परत बरोबरीला येतात.

चौथ्या नळीत ऑक्झॅलिक अ‍ॅसिड. लाल रंग भराभर उतरत जाऊन पिवळसर हिरवट झाला. ऑक्झॅलेट फेरिकला घट्ट धरून बसतो, मोकळं फेरिक कमी झालं की लाल कण सुटायला लागतात ती तूट भरायला. त्याच नळीत परत फेरिक क्लोराईड टाकत गेलो तर लाल परत आला. पोरीनं हे जा-ये चार वेळा केलं, शेवटी नळी काठोकाठ भरली.

पाचवी नळी पाण्याची, आणि इथं माझं कागदाशी सरळ भांडण आहे. कागदात छापलंय की नुसतं पाणी टाकल्यानं द्रावण पातळ होऊन रंग फिका पडतो, समतोलावर परिणाम होत नाही. हे चूक आहे. हिशोब करून बघा. लाल कणांचं (लाल आयनचं) प्रमाण वर आणि फेरिक, थायोसायनेट यांच्या प्रमाणांचा गुणाकार खाली, असा भागाकार करायचा; समतोलात तो येतो त्याला के म्हणतात, आणि कुठल्याही क्षणाला येतो त्याला क्यू. पाणी दुप्पट केलं की त्या क्षणाला फेरिक निम्मं, थायोसायनेट निम्मं, लाल आयन पण निम्मा. भागाकारात वर एक निम्मा आणि खाली दोन निम्म्यांचा गुणाकार म्हणजे पाव. निम्म्याला पावनं भागलं की दोन. म्हणजे क्यू हा के च्या दुप्पट झाला, आणि क्यू के पेक्षा मोठा झाला की गाडी मागं येणार, लाल कण तुटून फेरिक आणि थायोसायनेट मोकळे होणार. पाणी टाकणं म्हणजे सगळ्यांचंच कॉन्सन्ट्रेशन (द्रावणातलं प्रमाण) एकदम बदलणं आहे, आणि ज्या बाजूला विरघळलेले कण जास्त त्या बाजूला समतोल सरकतो.

पोरगी म्हणली हे कागदावर पटलं पण डोळ्याला कसं कळणार, पाणी टाकल्यावर फिकं तर तसंही दिसणारच ना. प्रश्न एकदम बरोबर होता आणि मला उत्तर माहीत नव्हतं, दुकानदाराला फोन लावला. ते म्हणले, "ताई, त्या दोन सपाट बुडाच्या कुप्या त्याच्यासाठीच दिल्यात, बाजूनं बघू नका, वरून बघा." किती साधी गोष्ट! दोन्ही कुप्या पांढऱ्या कागदावर ठेवायच्या, दोन्हींत सारखंच लाल द्रावण, एकीत तेवढंच पाणी वाढवायचं. त्या कुपीत रंग निम्मा पातळ झाला पण द्रावणाची उंची दुप्पट झाली, म्हणजे वरून खाली बघताना नजरेला लागणारे लाल कण तेवढेच राहायला पाहिजेत, नुसतं पातळ झालं असतं तर दोन्ही कुप्या वरून सारख्याच लाल दिसल्या असत्या. दिसल्या नाहीत. पाणी घातलेली स्पष्ट फिकी दिसली, म्हणजे लाल कण खरोखरच मोडले. खात्रीसाठी तेच आम्ही साध्या कुंकवाच्या... नाही, कुंकू पाण्यात विरघळत नाही, खाण्याच्या लाल रंगाच्या पाण्यानं करून बघितलं, तिथं वरून दोन्ही सारख्याच दिसल्या. पोरीनं आज्जीला हाताला धरून आणलं, तिला पण वरून बघायला लावलं. आज्जी म्हणली, "काय करलालीस गं, सरबत केलंस का काय," आणि मी आधी नळ्या उचलून तिच्यापासून लांब ठेवल्या. घरात म्हातारी माणसं आणि लहान लेकरं असतील तर हे लक्षात ठेवा, रंग खरंच सरबताचा दिसतो.

एवढी हुशारीची गोष्ट पेटीत ठेवायची आणि कागदात तिच्याबद्दल एक ओळ नाही, उलट चुकीचं वाक्य छापायचं, याचं मला खरंच वाईट वाटलं.

दुसरी चूक यापेक्षा बारीक आहे पण ती क्लासच्या नोट्समध्ये पण सगळीकडं असते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल शातेलिए यांचा नियम लिहिताना कागदात म्हणलंय की समतोल केलेला बदल "नाहीसा करतो". नाहीसा करत नाही, कमी करतो. पोरगी पण हेच धरून बसली होती की फेरिक टाकलं तर ते सगळं वापरलं जाऊन फेरिकचं कॉन्सन्ट्रेशन परत पहिल्यासारखं होतं. मी तिला आमच्या परड्यातल्या हौदांचं सांगितलं. टँकरचं पाणी साठवायला आम्ही दोन हौद बांधले होते, बुडातून पाईपनं जोडलेले. दोन्हींतलं पाणी एका पातळीला उभं आहे, तू एका हौदात दहा घागरी ओतल्यास, तर पाणी पाईपातून दुसरीकडं जायला लागतं, पाच घागरी जातात आणि दोन्ही परत बरोबरीला येतात. पण ज्या हौदात ओतलंस त्याची पातळी पहिल्यापेक्षा वरच राहिली ना? सगळ्याच्या सगळ्या दहा घागरी पलीकडं गेल्या नाहीत. फेरिकचं पण तसंच, थोडं वापरलं जातं, थोडं शिल्लक राहतं, आणि नवीन समतोलात फेरिक आधीपेक्षा जास्त, लाल कण आधीपेक्षा जास्त आणि थायोसायनेट आधीपेक्षा कमी असतं. तिघांचे आकडे बदलले तरी त्यांचा तो भागाकार, के, तेवढाच राहतो, तो फक्त तापमान बदललं तरच बदलतो. (हौदांच्या उदाहरणात एक उणीव आहे, पातळी सारखी झाल्यावर तिथं ये-जा थांबते, नळीत ती चालूच असते, हे पोरीला वेगळं सांगावं लागलं.)

आकड्यांत हवं असेल तर अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड आणि इथेनॉलचं एस्टरवालं जुनं उदाहरण सगळ्यात सोपं, के साधारण ४. दोन्ही एक एक मोल (कण मोजायचं माप) घेतले तर अ‍ॅसिडचं दोन तृतीयांश म्हणजे ६६.७ टक्के एस्टर होतं. अल्कोहोल दोन मोल घ्या, अ‍ॅसिडचं रूपांतर ८४.५ टक्क्यांवर जातं. तीन मोल घ्या, ९० च्या जरासं वर. अल्कोहोलचा पहिला जादा मोल अठरा टक्के देऊन गेला आणि दुसरा फक्त सहा. शंभर टक्के कधीच होत नाही. हे गणित आम्ही रात्री जेवणं झाल्यावर ओसरीवर बसून केलं, वर्गसमीकरण पोरीनं सोडवलं, माझं विसरलं होतं.

अमोनियाचा प्रयोग पेटीतला सगळ्यात देखणा आणि त्याबद्दल फार कुणी बोलत नाही. पातळ अमोनियात फिनॉल्फ्थॅलीनचा एक थेंब, राणी कलर. त्यात नवसागराचं द्रावण टाकत जायचं, तोच तो कल्हईवाले भांड्यावर फासायचे तो नवसागर, अमोनियम क्लोराईड. अमोनियम आयन बाहेरून वाढले की अमोनिया आणि पाण्याचा समतोल मागं सरकतो, हायड्रॉक्साईड कमी होतात, गुलाबी रंग हळूहळू विरत जातो. परत अमोनिया टाकला की परत चढतो. बाटली उघडताना वास नाकात जातो, खिडक्या उघड्या ठेवा. आणि ज्यांना पेटी परवडत नाही त्यांनी घरातच हळद पाण्यात कालवून त्यात चुन्याची निवळी टाकावी, तांबडी होते, मग लिंबू पिळावं, परत पिवळी. निवळीनं हायड्रोजन आयन कमी केले, लिंबानं वाढवले, हळदीतला रंगद्रव्याचा समतोल तसा तसा सरकला. हळदीला चुना लावून कुंकू करायची पद्धत आपल्याकडं किती जुनी आहे, ते हेच.

निवळीवरनं पोरीनं आणखी एक चांगलं विचारलं, निवळीच्या बरणीत खाली चुना बसलेला असतोच, त्यात अजून चमचाभर चुना टाकला तर काय होईल? काही होत नाही, न विरघळलेला स्थायू वाढवल्यानं समतोल हलत नाही, कारण स्थायूचं कॉन्सन्ट्रेशन म्हणून काही वाढत नसतं, चमचा असो की पोतं. हे नीटला हमखास फसवणारं आहे म्हणे.

कोबाल्टबद्दल मात्र मी स्पष्ट नापसंती लिहिणार. कोबाल्ट क्लोराईडचं गुलाबी द्रावण, त्यात क्लोराईड भरपूर वाढवले की निळं, पाणी वाढवलं की परत गुलाबी, प्रयोग फार सुंदर आहे यात शंका नाही, सिलिका जेलचे निळे दाणे दमट झाले की गुलाबी व्हायचे ते याच कारणानं. पण त्याला कॉन्संट्रेटेड हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड लागतं आणि कागदात सरळ लिहिलंय की "अ‍ॅसिड बाहेरून आणावे". कुठून आणायचं? लेकरं हार्डवेअरच्या दुकानातून फरशी धुवायचं अ‍ॅसिड आणतील! आणि त्याच डब्यात थायोसायनेटची बाटली. थायोसायनेट तीव्र अ‍ॅसिडला लागलं तर विषारी वायू सुटू शकतो, याची सूचना कागदावर मोठ्या अक्षरात पहिल्या पानावर पाहिजे होती, ती कुठंच नाही. वर एका परिच्छेदात थायोसायनेट काढून घ्यायला "मर्क्युरिक क्लोराईड वापरा" असंही छापून ठेवलंय, जुन्या मॅन्युअलमधून तसंच उतरवलेलं दिसतंय, पेटीत ते दिलेलं नाही ही देवाची कृपा, पाऱ्याचं जहाल विष आहे ते, घरात काय लॅबमध्ये सुद्धा पोरांच्या हातात देऊ नये. कोबाल्ट पण विषारीच. आम्ही ती बाटली घरी उघडलीच नाही. माझा पुतण्या ज्या कॉलेजात शिकवतो तिथल्या लॅबमध्ये त्यानं नीट गॉगल, मोजे घालून पोरीला करून दाखवलं आणि उरलेलं द्रावण तिथंच कचऱ्याच्या वेगळ्या बाटलीत ठेवलं. घरच्या पेटीतून कोबाल्ट काढून टाका, हे मी दुकानदाराला पण सांगितलंय.

कागदाच्या शेवटी हेबर पद्धतीवर (अमोनिया करायची पद्धत, त्यातूनच पुढं युरिया येतो) फक्त दोन ओळी आहेत, आणि आपल्या मराठवाड्यात तर खरी गोडी तिथंच आहे. ज्या घरी युरियाची पोती येतात त्या घरच्या लेकराला कॉन्सन्ट्रेशनचा परिणाम नळीतनं कशाला, पोत्यावरनं सांगता येतो. नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया, साधारण ४०० ते ५०० अंश तापमान आणि २०० वातावरणाच्या आसपास दाब, एवढं करून एका फेरीत रूपांतर होतं ते जेमतेम १५ टक्के. मग कारखाना चालतो कसा? तयार झालेला अमोनिया थंड करून त्याचा द्रव करून सारखा काढून घेतात आणि न जुळलेला वायू परत आत सोडतात. प्रॉडक्ट काढत राहिलं की समतोल गाठायला सवडच मिळत नाही, रिअ‍ॅक्शन पुढंच सरकत राहते. हेबरनं १९०९ मध्ये हे टेबलावर करून दाखवलं, बॉशनं १९१३ ला जर्मनीत ओपाऊला कारखाना उभा केला, हेबरला १९१८ चं नोबेल मिळालं आणि बॉशला १९३१ चं. आणि ज्यांच्या नियमावर हे उभं आहे त्या ल शातेलिए यांनी १८८४ मध्ये नियम मांडल्यावर १९०१ मध्ये स्वतः अमोनिया करायचा प्रयत्न केला होता, उपकरणात हवा शिरून स्फोट झाला आणि त्यांनी तो नाद सोडला. हे मी सांगितल्यावर पोरगी किती वेळ हळहळत होती. आमच्या सोयाबीनच्या, कापसाच्या रानात पडणारा ४६ टक्के नत्राचा युरिया अशा अमोनियातून येतो, हे चार ओळींत लिहिलं असतं तर शेतकऱ्याच्या पोरांनी तो कागद जपून ठेवला असता.

दुकानदाराबद्दल चांगलंच लिहावं लागेल. फोन केला तेव्हा दुकानात गर्दीचा आवाज येत होता तरी दहा मिनिटं बोलले, कुप्यांचं समजावलं. पुढच्या आठवड्यात लातूरला गेले तेव्हा कागदावर लाल पेनानं सगळ्या चुका खुणा करून नेऊन दिल्या, पाण्याची, "नाहीसा करतो"ची, पाऱ्याची, थायोसायनेट आणि अ‍ॅसिडची. त्यांनी वाचून घेतलं, वाद घातला नाही, फक्त पाण्यावर अडले, म्हणले ताई आम्ही कॉलेजात असंच शिकलो. मी तिथंच काउंटरवर क्यूचा भागाकार करून दाखवला. नवीन छापताना बदलतो म्हणले. बदललेला कागद अजून माझ्या हातात आलेला नाही, आला की इथंच लिहीन.

मार्क द्यायचे तर सामानाला पाचपैकी साडेचार, कागदाला दीड, माणसाला पाच. घ्यायची असेल तर घ्या, पण गॉगल वेगळा घ्या, पाच लिटर डिस्टिल्ड वॉटरचा कॅन सोबत घ्या, कोबाल्टची बाटली तिथंच परत करा आणि लेकराला एकटं बसवू नका. लाल द्रावण त्या दिवशीचं त्या दिवशी करा, आम्ही तुलनेची नळी खिडकीत ठेवली होती ती दुसऱ्या दिवशी आपोआप फिकी पडलेली होती, उजेडात आणि वेळ गेल्यावर थायोसायनेटचा रंग टिकत नाही, त्याला समतोलाचा परिणाम समजू नका. बाटल्या परत भरून मिळतात, एकीचे ४० रुपये, फेरिक आणि थायोसायनेट सगळ्यात आधी संपतात. पोरगी पेटी लातूरला रूमवर घेऊन गेलीय, मैत्रिणींना कुप्या वरून दाखवायच्यात म्हणून, आणि काल फोनवर म्हणली की फेरिकची बाटली संपली, शनिवारी येताना भरून आण.